पार्श्वभूमी: ‘थम लागत नाही’ म्हणजे नेमके काय बिघडते?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या कंट्रोलच्या (रेशनच्या) दुकानातून माणूस धान्याविना परतला की कारण एकच सांगतात: थम, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लागत नाही. दोष त्याच्या बोटाचा ठरतो. यंत्र कोणी पुरवले, सर्व्हर कोण चालवतो आणि करारात काय लिहिले आहे, हे कोणी विचारत नाही. सरकारला सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची नैतिक जबाबदारी या तीन शब्दांआड दडते, म्हणून आधी ते उलगडून पाहायला हवेत.

सरकार आणि अंगठा यांचा संबंध जुना आहे. १८५८ मध्ये बंगालात एका इंग्रज अधिकाऱ्याने कंत्राटदाराच्या करारनाम्यावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा स्वतंत्र विभाग उघडला. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहिलेले असते. तो ठसा कागदावर राहायचा आणि वाद झाला तर दोन्ही बाजूंना दाखवता यायचा.

पुढचा टप्पा थेट खानदेशातच सुरू झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दहा बोटे, दोन बुबुळे, एक छायाचित्र. एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून ठसे ताडून पाहणारे सॉफ्टवेअर तीन खासगी पुरवठादारांकडून घेतले गेले. नोंदणी तेव्हा ऐच्छिक होती. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार नाही म्हणून कोणाचे अडू नये असे बजावले, २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ ने सरकारी लाभासाठी आधार मागण्याची मुभा दिली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा निकालाने ते कलम टिकले. तोवर कंट्रोलमध्ये ठसा तपासणारे मशीन आलेले होते.

आता ते तीन शब्द. दुकानदार बारा अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबर टाकतो, पडद्यावर कुटुंबातली नावे येतात, एक नाव निवडून बोट काचेवर ठेवायचे. ठसा यंत्रातच सांकेतिक रूपात बांधला जातो, रेंज असेल तर आधार प्राधिकरणाच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर येते: हो किंवा नाही. ‘नाही’सोबत कोड असतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे ठसे धारकाने स्वतः लॉक केलेले आहेत. ८११ म्हणजे त्या क्रमांकाचे ठसे मूळ साठ्यातच नाहीत. रेंजच नसेल तर यातला एकही कोड येत नाही, कारण निरोप पोचलेलाच नसतो.

चारही वेळा गिऱ्हाइकाच्या कानावर पडते तेच: थम लागत नाही. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा. ३०० आला तर हात ओल्या फडक्याने पुसावेत, शेंड्याऐवजी बोटाचा पेर सपाट ठेवावा, अनामिका किंवा मधले बोट लावून पाहावे. रावेर-यावलच्या केळीबागेत चीक बोटांवर बसतो, कापूस वेचताना सुकलेल्या बोंडांची टोके कातडी खरवडतात, ऊसतोडीत कोयत्याने घट्टे पडतात. वयानेही रेषा पुसट होतात. लहानपणी ठसे घेतले आणि पंधराव्या वर्षी नवे दिले नाहीत, तरी ३०० येतो. ३३० ला लॉक काढावे लागते. ८११ ला हात कितीही धुतले तरी उपयोग नाही. आधार केंद्रच गाठावे लागते. रेंजचा प्रश्न तर गिऱ्हाइकाचा नाहीच. तरी चारही वेळा ‘उद्या या’ असे त्यालाच सांगितले जाते, आणि त्या उद्याची मजुरी त्याचीच बुडते.

करारात हा माणूस कुठे बसतो? अशा करारांत सेवा साधारणपणे सर्व्हर किती तास चालू होता यावर मोजतात. बंद पडला तर दंड. पण ‘नाही, ३००’ हे उत्तर वेळेत आले तर यंत्रणा चालूच धरली जाते. पैशाचेही तसेच. केंद्राच्या २०१५ च्या नियमांनी यंत्राची खरेदी आणि देखभाल यांसाठी दुकानदाराला क्विंटलमागे १७ रुपये जादा मार्जिन ठेवले. २०२२ मध्ये ते २१ झाले. मोजमाप विकलेल्या धान्याचे. नकार मिळालेला माणूस कुठल्याच रकान्यात येत नाही.

दुकानातली यंत्रे आणि त्यांचे सॉफ्टवेअर देणाऱ्या पुरवठादारांची बाजू अशी की ठशांचा साठा आमच्याकडे नाही, आम्ही फक्त निरोप पोचवतो. साठ्यापुरते ते खरे आहे. पण प्रत्येक प्रयत्नाची नोंद कोडसकट त्यांच्या यंत्रणेतून जाते. कोणत्या दुकानात कोणते कार्ड सलग तीन महिने ३०० वर अडले, हे त्यांना एका तक्त्यात काढता येते. करारात मागितले नाही म्हणून ते न सांगणे ही तांत्रिक मर्यादा नव्हे, तो निर्णय आहे.

ब्रिटनच्या टपाल खात्यात हेच टोकाला गेले. १९९९ पासून बसवलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने खोट्या तुटी दाखवल्या, ९०० हून अधिक टपाल कार्यालयचालक दोषी ठरले. चुका पुरवठादाराला आधीपासून माहीत होत्या, हे चौकशीत २०२४ मध्ये कबूल झाले. त्याच वर्षी कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे झारखंडात रेशन बंद झाल्याने भूकबळी गेल्याचा आरोप झालेल्या एका मुलीच्या मृत्यूनंतर, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राने कळवले की ठसा जुळला नाही तरी कार्ड पाहून धान्य द्यावे आणि वेगळ्या वहीत नोंद करावी. करोनाकाळात राज्याने दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप करायला परवानगी दिली आणि वाटप चालले. म्हणजे पर्यायी वाट काढता येते. पण यंत्र पावती छापते ती धान्य दिल्याची. नकार पडद्यावर दिसतो आणि पुढचा आरसी नंबर टाकला की पुसला जातो. तक्रार घेऊन तहसीलला जाणाऱ्याच्या हातात कागद नसतो. कोड आणि वेळ छापलेली नकाराची पावती द्यायला सॉफ्टवेअरमध्ये अगदी थोडा बदल पुरेल. तो निविदेतच मागायला हवा, आणि निविदेत नसेल तर निविदापूर्व बैठकीत पुरवठादाराने स्वतः सुचवायला हवा.

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीच्या घरपोच आहारासाठी चेहरा ओळख सक्तीची झाली आहे. नंदुरबारची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि काही घरी मूल आजीजवळ राहते. नोंदणी आईच्या चेहऱ्याने झालेली असेल आणि पाकीट घ्यायला आजी आली, तर मोबाइलने काय दाखवायचे हे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते.