उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद व्हायला एवढी वर्षं का लागली?

परळीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक पडलं की जुने जीपवाले आधी चावी फिरवायचे. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सिग्नलला आपोआप बंद पडून क्लच दाबताच सुरू होणाऱ्या आजच्या गाड्या तेच करतात. मग यंत्राला हे जमायला इतकी दशकं का गेली? इंजिन बंद करणं कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते पुन्हा सुरू करणं.

१९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी हँडल मारावं लागे, आणि ते उलटलं की मनगट जायबंदी होई. पण हा सेल्फ दिवसातून चार-दोनदा मारण्यासाठी होता, दर चौकात नव्हे. १९७० च्या दशकात, तेलाचे भाव भडकलेले असताना, टोयोटाने क्राउन गाडीवर प्रयोग केला; टोकियोच्या गर्दीत सुमारे १० टक्के इंधन वाचलं. १९८३ मध्ये फोक्सवॅगनने पोलोच्या एका मॉडेलमध्ये ही सोय दिली. तरी पुढची वीसेक वर्षं ती तुरळकच राहिली.

अडत होतं ते दणकट स्टार्टर आणि बॅटरीपाशी. साधी बॅटरी सतत उतरणं-चढणं फार काळ सोसत नाही. त्यासाठी वेगळ्या बांधणीच्या बॅटऱ्या आल्या. २००४ च्या सिट्रोएन सी३ मध्ये तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच मोटरसारखा चालवून त्याच्याकडून स्टार्टरचं काम करून घेतलं. २००९ मध्ये युरोपने गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाला कायद्याने मर्यादा घातली, आणि मग कंपन्यांना ही सोय टाळणं परवडेना. भारतात २००८ च्या सुमारास स्कॉर्पिओत ती दिसली. २०१४ मध्ये हिरोने स्प्लेंडर आयस्मार्ट आणून ती दुचाकीवर आणली. माझ्या मते आपल्यासाठी हेच पाऊल मोठं.

युरोपातल्या जुन्या प्रमाणित चाचणीत जवळजवळ पाव वेळ गाडी उभीच असे, त्यामुळे कागदावर बचत ठळक दिसे. संभाजीनगरच्या जालना रोडवर, सिग्नलमागून सिग्नल लागतात तिथे, ती प्रत्यक्षातही मिळते. बीड-लातूर मोकळ्या रस्त्यावर जवळपास काहीच नाही. आणि मे महिन्यात? बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. बाहेर ४२ अंश असताना इंजिन थांबलं की आतली हवा लगेच तापते, म्हणून यंत्रणा इंजिन बंदच करत नाही, किंवा काही सेकंदांत पुन्हा सुरू करते. कुणी 'बिघडलं' म्हणून गाडी गॅरेजला नेण्याआधी एसी बंद करून एकदा पाहावं.