शिव्या म्हणजे काळा विनोद नव्हे: ‘बॅड सँटा’ आणि ‘द आइस हार्वेस्ट’

डिसेंबर लागला, वांद्र्याच्या हिल रोडवर चांदण्या लटकल्या, की सिनेमावेड्या मंडळींत एक शिफारस हमखास सुरू होते. “‘बॅड सँटा’ आवडला ना तुला? मग ‘द आइस हार्वेस्ट’ बघ, सेम टाइपचा आहे.” चार दिवसांनी ठरलेली तक्रार येते, “कसला रटाळ आहे रे, एकदाही धड हसू आलं नाही.” दादर-पार्ल्याकडे ही शिफारस आणि ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता गप्प बसवत नाही. शिफारसच चुकीची आहे, म्हणून तक्रारही चुकीची आहे. यात नुकसान होतं ते दुसऱ्या सिनेमाचं, आणि माझ्या मते दोघांत तोच सरस आहे.

घोटाळा का होतो, ते उघड आहे. दोन्हींत बिली बॉब थॉर्नटन, दोन्हींत नाताळ, दोन्हींत चोरी, दारू, बायका आणि एकमेकांना टांग मारायला टपलेले साथीदार. पहिला 2003 चा, दुसरा 2005 चा. वरवर पाहणाऱ्याला जुळे वाटले तर नवल नाही. पुढे दोन्हींचे शेवट सांगणार आहे, तेव्हा ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं.

‘बॅड सँटा’बद्दल फार सांगायला नको, तो बहुतेकांना पाठ असतो. दरवर्षी मॉलमध्ये सांताचे कपडे घालून बसायचं, पोरांना मांडीवर घ्यायचं आणि नाताळच्या आदल्या रात्री तिथलीच तिजोरी फोडायची, असा विलीचा आणि मार्कसचा धंदा. विली अट्टल दारुडा, तोंडाने फाटका. मग एक गुबगुबीत, एकटा मुलगा त्याच्या गळ्यात पडतो आणि सुटतच नाही. टेरी झ्विगॉफ यांचं दिग्दर्शन. धंदाही उत्तम केला त्याने, सुमारे 7.6 कोटी डॉलर.

किरकोळ फरक एका दमात उरकतो. ‘बॅड सँटा’ घडतो फीनिक्सच्या उन्हात, ‘आइस हार्वेस्ट’ कॅन्ससमधल्या विचिटा शहरात. पहिल्यात थॉर्नटन नायक आहे. दुसऱ्यात तो विक नावाचा साथीदार, आणि नायक म्हणजे जॉन क्युसॅकचा चार्ली, गुंडांची कामं बघणारा वकील. पहिल्याची पटकथा सिनेमासाठीच लिहिलेली, दुसरा स्कॉट फिलिप्स यांच्या 2000 सालच्या कादंबरीवरून केलेला. तो पडलासुद्धा: खर्च सुमारे 1.6 कोटी डॉलर, गल्ला जेमतेम एक कोटी. हे सगळं लक्षात ठेवलं नाही तरी चालेल.

गोष्ट एवढीच. नाताळच्या आदल्या दिवशी चार्ली आणि विक एका गुंडाचे वीस लाखांहून जास्त डॉलर उचलतात. आता फक्त गावाबाहेर पडायचं. पण बर्फाचं वादळ आलंय, रस्ते बंद, रात्र गावातच काढायची. मग ती एक रात्र.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडचे प्रेक्षक नेमके इथे गोंधळतात. “वादळ वादळ म्हणतात, पण बर्फ कुठे दिसतोय? पाऊस तर पडतोय,” असं मला कितीतरी जणांनी विचारलं आहे. ते हिमवादळ नव्हेच. वरच्या उबदार हवेतून पाण्याचे थेंब खाली येतात, जमिनीलगतच्या शून्याखालच्या थरातून जाताना विलक्षण थंड होतात, आणि रस्त्याला, तारांना, गाडीच्या काचेला टेकता क्षणी गोठतात. वर काचेसारखा पारदर्शक थर बसतो. पांढरं काही दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो, आणि पाय ठेवला की माणूस आडवा. म्हणून सिनेमाभर लोक घसरतात, गाड्या तिरक्या जातात, आणि पैशाची बॅग तयार असूनही कुणी निघू शकत नाही. हा सिनेमा आला नोव्हेंबर 2005 मध्ये. त्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. घर आठ किलोमीटरवर आहे आणि तरी पोचता येत नाही, ही हतबलता ज्या मुंबईकरांनी त्या रात्री भोगली, त्यांना चार्लीची रात्र समजावून सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे ‘डार्क कॉमेडी’ हे लेबल वाट्टेल त्यावर चिकटवलं जातं. दोन-चार शिव्या आल्या, एखादा दारुडा पोरांसमोर वाह्यात बोलला, की झाली डार्क कॉमेडी. याचा मला मनापासून राग आहे. शिवी म्हणजे चावटपणा, फार तर आगाऊपणा. विनोद काळा आहे की नाही, हे त्यातल्या भाषेवरून ठरत नाही. हसून झाल्यावर आपल्या छातीवरचं ओझं हलकं होतं की वाढतं, यावरून ते ठरतं. ताण सोडवणारा विनोद वेगळा, ताण आवळणारा विनोद वेगळा.

या मापाने बघा. ‘बॅड सँटा’ तोंडाचा काळा आहे, पोटात मऊ लोणी. तो मुलगा विलीसाठी लाकडाची काकडी कोरतो. कोरताना हात कापतो, तिला रक्त लागतं. ती काकडी हातात घेतलेल्या विलीचा चेहरा आठवा. प्रेक्षागृह खदखदून हसतं, पण त्या हसण्यात विलीला माफी मिळून गेलेली असते. शेवटी मुलाला हवा असलेला गुलाबी हत्ती पोचवताना तो पोलिसांच्या गोळ्या खातो आणि तरीही वाचतो. म्हणजे हा नाताळचा अगदी पारंपरिक सिनेमा आहे: वाया गेलेला माणूस, निष्पाप मूल, सणाच्या रात्री झालेला बदल. त्यावर शिव्यांची फोडणी दिली आहे, इतकंच. मला तो आवडतो. पण त्याला काळा म्हणू नका.

‘आइस हार्वेस्ट’मध्ये शिव्या कमी आहेत असं नाही, पण त्यांच्यावर काही अवलंबून नाही. त्यातला तो पेटीचा प्रसंग बघा. गुंडाचा माणूस रॉय याला विकने एका मोठ्या पेटीत कोंबून कुलूप लावलंय, आणि ती पेटी तळ्यात बुडवायला दोघं निघालेत. रॉय आत जिवंत आहे आणि बोलतोय. गयावया नाही, आरडाओरडा नाही. आतून बसल्याबसल्या तो चार्लीला समजावतोय की विक तुलाही मारणार आहे, जरा विचार कर. बाहेर दोन माणसं बर्फावर पाय सांभाळत पेटी वाहतायत, आणि पेटी त्यांच्याशी वाद घालतेय. दृश्य हास्यास्पद आहे, हसू येतंच. पण त्याच वेळी चार्लीच्या, आणि आपल्याही, लक्षात येतं की पेटी म्हणतेय ते खरं आहे. आपण हसतो आणि फास एक बोट आणखी आवळला जातो. दर विनोदागणिक पळून जायची एक वाट बंद होते. “हसू आलं नाही” म्हणणाऱ्यांना खरं तर हसू आलेलं असतं. नंतर जे मोकळं वाटायला हवं होतं, ते वाटलेलं नसतं. त्याला ते हसूच धरत नाहीत.

दुसरा प्रसंग जेवणाच्या टेबलाचा. चार्लीची आधीची बायको आता पीटची बायको आहे. पीट म्हणजे ऑलिव्हर प्लॅट, आणि सिनेमातलं सर्वांत मोठं काम माझ्या मते त्याचंच. तो त्या रात्री पार झिंगलेला आहे. चार्ली त्याला घेऊन सासुरवाडीला पोचतो, जी कधीकाळी स्वतः चार्लीची सासुरवाडी होती. घरात सणाचं जेवण, सासू-सासरे, चार्लीची स्वतःची मुलं. पीट तोंडाला येईल ते बोलतो. हा प्रसंग एखाद्या विनोदी सिनेमात असता तर दारुड्याने सगळ्यांची ढोंगं उघडी पाडली, वा वा, असा टाळ्यांचा झाला असता. इथे पीट उघडं पाडतो ते स्वतःचं आणि चार्लीचं. मुलं बापाकडे बघतात, त्या नजरेत ना राग आहे ना ओढ. तिथे हसणं जमतं, पण जड जातं.

आपल्याकडे हा फरक कळायला खरं तर अवघड जाऊ नये. ‘जाने भी दो यारो’ आपण सगळ्यांनी घरच्यांसोबत, जेवताजेवता पाहिलेला आहे. 1983 चा, याच मुंबईतला सिनेमा. त्यात अर्वाच्य काही नाही. पण आयुक्ताचं प्रेत महाभारतात द्रौपदी होऊन फिरतं, पूल कोसळतो, बिल्डर, अधिकारी, संपादक सगळे एक होतात, आणि शेवटी ते दोन भाबडे फोटोग्राफर कैद्याच्या कपड्यांत आपल्याकडे बघत गळ्यावरून हात फिरवतात. हसून हसून पोट दुखलं होतं ना? आणि तो शेवट बघून मोकळं वाटलं होतं का? काळा विनोद म्हणतात तो हा. ज्याला तो सिनेमा समजला, त्याला ‘आइस हार्वेस्ट’ रटाळ वाटायचं कारण नाही. फक्त ‘बॅड सँटा’ची अपेक्षा बाहेर ठेवून बसायला हवं.

अपेक्षेचा घोळ दिग्दर्शकाच्या नावानेही केला. हॅरॉल्ड रॅमिस म्हणजे ‘ग्राउंडहॉग डे’वाले, प्रेमळ, हसतखेळत शहाणं करणारे. त्यांच्याकडून असं कसं, असं लोक विचारतात. पण दोन्ही सिनेमे शेजारी ठेवा. ‘ग्राउंडहॉग डे’तही वादळामुळे रस्ता बंद होतो आणि एक तुसडा माणूस नकोशा छोट्या गावात अडकतो. 1993 मध्ये रॅमिस यांनी त्या माणसाला सुधारण्यासाठी हवे तितके दिवस दिले. 2005 मध्ये तसाच माणूस, तसंच नकोसं गाव, तसंच हवामान, पण रात्र एकच आणि सुधारायची इच्छा शून्य. रॅमिस यांनी आपलाच प्रश्न उलटा करून विचारला होता, आणि प्रेक्षक मात्र जुनंच उत्तर मागत राहिले.

तक्रारी सगळ्याच खोट्या नाहीत. कॉनी नील्सनची रेनाटा ही अशा गोष्टींत दरवेळी असते तीच मोहक, धोकेबाज बाई आहे; तिला स्वतःचं असं फार काही दिलेलं नाही. रॅंडी क्वेडचा मुख्य गुंड इतक्या उशिरा येतो की त्याची दहशत ऐकीवच राहते. हे मान्य. पण “यात एकही माणूस चांगला नाही” ही तक्रार मला मंजूर नाही. गुन्हेगारीच्या सिनेमाकडे चांगल्या माणसाची हमी कोण मागतं?

आता शेवट. कादंबरीत सगळ्यातून निभावून बाहेर पडलेला चार्ली एका फिरत्या घराच्या गाडीखाली, अगदी फालतू अपघातात मरतो. सिनेमासाठी त्याच्या मरणाचा शेवट चित्रितही झाला होता, पण पडद्यावर आला तो वेगळा: चार्ली वाचतो, पैसे घेतो आणि पीटला सोबत घेऊन गावाबाहेर पडतो. यावरून जाणकार म्हणवणारेही म्हणतात, “बघा, रॅमिस शेवटी मऊ पडलाच, ‘बॅड सँटा’च झाला.” मला हे अजिबात पटत नाही. विली वाचतो तेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी थांबलेलं असतं. चार्ली वाचतो तेव्हा त्याला कुणी माफ केलेलं नसतं, तो काही शिकलेला नसतो, मुलं मागेच राहिलेली असतात, आणि सोबत असतो तो आधीच्या बायकोचा नवरा. मेला असता तर निदान शिक्षा झाली असं म्हणता आलं असतं, हिशेब पुरा झाला असता. सिनेमाने तो पुरा होऊ दिला नाही. छापील शेवटापेक्षा मला हाच जास्त थंड वाटतो, आणि म्हणून जास्त योग्यही.

तर शिफारस करायचीच असेल तर नीट करा. मित्रांचा अड्डा जमलाय, मोठ्याने हसायचंय, तर ‘बॅड सँटा’ लावा. ‘आइस हार्वेस्ट’ पाहुणे गेल्यावर, एकट्याने किंवा दोघांनी बघा, आणि कृपा करून लोकलमध्ये मोबाइलवर नको. अर्धा सिनेमा अंधारात आहे. कुणाला तो झेपेल हे ओळखायला मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. श्रीराम राघवन यांचा 2024 चा ‘मेरी ख्रिसमस’ पाहिलास का, जुन्या मुंबईतली नाताळची रात्र असलेला? त्याच्या सुरुवातीला दोन मिक्सर शेजारी शेजारी फिरतात, एकात मसाला, दुसऱ्यात औषधाच्या गोळ्या. ते बघून हसू आलं आणि लगेच अंगावर काटाही आला, असं जो म्हणतो त्याला मी ‘आइस हार्वेस्ट’ सुचवतो. “तो पण स्लोच होता रे” म्हणणाऱ्याला ‘बॅड सँटा’.