आकाशातील वीज : विज्ञान आणि ऊर्जास्रोत म्हणून शक्यता

मराठीत ढगात कडाडते तीही वीज आणि तारेतून घरात येते तीही वीज. शास्त्रीय लेखनात घोटाळा होऊ नये म्हणून आकाशातल्या विजेला ‘तडित’ म्हणतात, पण बोलताना हा भेद कोणी पाळत नाही. त्यामुळे एक समज आपोआप मनात बसतो : पावसाळ्यात एवढी वीज आकाशात वाया जाते, ती धरून तारेत सोडली की झाले. दोन्हींमागचे भौतिकी खरोखरच एक आहे. अडचण येते ती मोजमापात, आणि ते मोजमाप कळायला वीज ढगात कशी तयार होते इथपासून सुरुवात करावी लागते.

ढगातील विद्युत्‌भार

ढगाच्या आत, दोन ढगांमध्ये किंवा ढग आणि जमीन यांच्यामध्ये साठलेल्या विरुद्ध विद्युत्‌भारांचा हवेतून एकाएकी होणारा विसर्ग म्हणजे तडित. ती मुख्यतः गर्जन्मेघांत निर्माण होते. हे ढग दहा ते पंधरा किलोमीटर उंच वाढतात आणि त्यांच्या पोटात वर चढणाऱ्या हवेचा जोरदार झोत असतो. शून्याखालच्या तापमानाच्या पट्ट्यात तीन गोष्टी एकत्र नांदतात : गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे अतिशीतित थेंब, बर्फाचे हलके स्फटिक आणि थेंब चिकटून जड होत गेलेल्या मऊ गारा. गारा आणि स्फटिक एकमेकांवर आपटून दूर होतात तेव्हा थोडा विद्युत्‌भार इकडचा तिकडे जातो. कोणाच्या वाट्याला धन आणि कोणाच्या वाट्याला ऋण भार येणार, हे तापमानावर आणि ढगातल्या पाण्याच्या प्रमाणावर ठरते. जपानी शास्त्रज्ञ त्सुतोमु ताकाहाशी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. पुरेशा थंड भागात गारांना ऋण भार मिळतो आणि स्फटिकांना धन. हलके स्फटिक झोताबरोबर माथ्यावर जातात, जड गारा मध्ये रेंगाळतात. म्हणून ढगाचा माथा धन, मधला भाग ऋण आणि तळाशी धन भाराचा एक लहान पट्टा अशी मांडणी सहसा दिसते. टकरीत भार नेमका कसा हलतो, याबद्दल रेणूंच्या पातळीवर अजून एकमत नाही.

त्याहून मोठे कोडे ठिणगीच्या सुरुवातीचे आहे. जमिनीलगतच्या कोरड्या हवेतून ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. उंचावर हवा विरळ असल्याने ही गरज कमी होते, तरीही फुग्यांतून पाठवलेल्या उपकरणांना ढगात आढळलेले विद्युत्‌क्षेत्र, म्हणजे दर मीटरमागचे व्होल्ट, तिच्यापेक्षा बरेच कमी भरते. मग हवा फुटते कशी? रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरेविच आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सुचवले की विश्वकिरणांतून, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या माऱ्यातून, आलेले वेगवान इलेक्ट्रॉन कमी क्षेत्रातही वेग घेत जातात आणि वाटेत नव्या इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार करतात. बर्फकणांच्या टोकांशी क्षेत्र एकवटते आणि तिथून सुरुवात होते, असे दुसरे मत आहे. विश्वकिरणांचा उपयोग ढगातले विद्युत्‌दाब मोजायलाही झाला. उटी येथील ग्रेप्स-३ या म्युऑन (विश्वकिरणांमुळे हवेत तयार होणारे कण) मोजणाऱ्या दुर्बिणीने १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्युऑनांची संख्या घटलेली टिपली. तिच्यावरून ढगात सुमारे १.३ अब्ज व्होल्टचा विभवफरक (विद्युत्‌दाबातला फरक) असल्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

वीज पडते म्हणजे काय होते

डोळ्याला एकच लखलखाट दिसतो, पण त्यात निदान दोन वेगळ्या हालचाली असतात. आधी ढगातून अंधूक प्रकाशाची एक वाट फुटते. ती साधारण ५० मीटरच्या टप्प्याटप्प्याने, फाटे फोडत, सेकंदाला सरासरी २०० किलोमीटर वेगाने खाली सरकते. जमीन जवळ आली की झाड, मनोरा, माणूस अशा उंच टोकांवरून वर जाणाऱ्या ठिणग्या निघतात. त्यांतली एखादी वरून येणाऱ्या वाटेला भेटली की मार्ग जुळतो. वीज कुठे पडणार हे या शेवटच्या काही दहा मीटरांत ठरते, ढगात नव्हे. मार्ग जुळताक्षणी जमिनीकडून ढगाकडे प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने तेजाची लाट धावते. आपल्याला दिसतो तो हा परतीचा आघात. त्यातला विद्युत्‌प्रवाह शिखरावर सुमारे ३०,००० अँपियर असतो आणि बोटाएवढ्या जाडीची हवेची नळी क्षणात ३०,००० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. त्याच वाटेने, काही शतांश सेकंदांच्या अंतराने, आणखी तीनचार आघात जातात. वीज लुकलुकल्यासारखी दिसते ती यामुळे.

तापलेली हवा स्फोटासारखी फुगते, तिचा दाब सभोवतीच्या हवेच्या दहापट किंवा त्याहून जास्त होतो आणि तोच गडगडाट ऐकू येतो. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून चमक आणि आवाज यांतील सेकंदांना तीनाने भागले की अंतर कळते. गडगडाट ऐकू येत असेल तर वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, हे मात्र अंतर मोजत बसण्याआधी लक्षात ठेवावे.

एकाच ठिकाणी वीज दोनदा पडत नाही, हा समज चुकीचा आहे. स्वित्झर्लंडमधील सँटिस पर्वतावरचा १२४ मीटर उंच दूरसंचार मनोरा वर्षाला शंभरेक आघात झेलतो.

पृथ्वीवरील प्रमाण

उपग्रहावरील ऑप्टिकल ट्रान्झियंट डिटेक्टरने १९९५ ते २००० या काळात केलेल्या निरीक्षणांतून जगभरात सेकंदाला सुमारे ४४ वेळा वीज चमकते असे दिसले. वर्षाला हा आकडा १.४ अब्जांच्या घरात जातो. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश विजा ढगांतच राहतात. समुद्रापेक्षा जमिनीवर त्या कितीतरी अधिक होतात, कारण जमीन लवकर तापते आणि हवेचे झोत जोरदार उठतात. सर्वांत दाट प्रमाण व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवरावर आहे : दर चौरस किलोमीटरला वर्षाला सुमारे २३३ विजा. लांबीचा नोंदलेला विक्रम ८२९ किलोमीटरचा आहे. ही वीज २२ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेत पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या परिसरापर्यंत आडवी पसरली होती.

ऊर्जेचा हिशेब

आता मूळ प्रश्न. एका विजेत सर्वसाधारणपणे १ अब्ज जूल ऊर्जा असते असे धरतात. काही विजांत ती अनेक पटींनी जास्त असते, पण हिशेबाला हा आकडा योग्य आहे. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे एका विजेत सुमारे २७८ युनिट झाले. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर तीस लिटरच्या आसपास. ज्या घटनेने आभाळ फाटल्यासारखे वाटते, तिच्यात गाडीच्या एका टाकीएवढी ऊर्जा असावी, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. कारण आपल्याला जाणवते ती ऊर्जा नव्हे, शक्ती. ऊर्जा किती आहे हे एक, आणि ती किती वेळात बाहेर पडते हे वेगळे. तीस लिटर इंधन गाडी तासन्‌तास जाळते. वीज तेवढेच काम सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते, म्हणून ती क्षणभर वीजकेंद्रांनाही मागे टाकते आणि लगेच संपते.

जगातल्या सगळ्या विजा, ढगांत राहणाऱ्यासुद्धा, एकही न गळता पकडल्या असे समजू. वर्षाला सुमारे ३९० अब्ज युनिट मिळतील. जगाचा वार्षिक वीजवापर सुमारे ३०,००० अब्ज युनिट आहे. म्हणजे हाती आला एक टक्क्याहून थोडा जास्त भाग. जमिनीपर्यंत येणाऱ्या विजाच मोजल्या तर जगाची साधारण सव्वा दिवसाची गरज भागेल.

ही झाली अशक्य कोटीतली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात एका मोठ्या गळतीला उपाय नाही : विजेची बहुतेक ऊर्जा वाटेतच खर्च होते. कित्येक किलोमीटर हवा तापवणे, तिचे रेणू फोडणे, प्रकाश आणि आवाज यांतच ती जाते. जमिनीवर जिथे वीज पडते तिथे पोहोचणारा वाटा शंभरावा, हजारावा किंवा त्याहूनही कमी असतो. २७८ युनिटांतून मनोऱ्याच्या पायथ्याशी फार तर दोनतीन युनिट उतरतात.

तेही घेता येत नाहीत, याचे कारण विजेच्या स्वभावात आहे. कार्ल बर्गर यांनी स्वित्झर्लंडच्या माँटे सान साल्व्हातोरेवरील मनोऱ्यांवर १९४० च्या दशकापासून वर्षानुवर्षे प्रवाह मोजले. नेहमीच्या पहिल्या आघातात दर ओहम रोधामागे (रोध म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे ५५,००० जूल उष्णता निघते, असे त्यांच्या नोंदींवरून दिसते. म्हणजे वाटेत एक ओहमचे उपकरण ठेवले तर एका युनिटाचा साठावा-सत्तरावा भाग मिळेल. रोध शंभर ओहम केला तर दीड युनिट मिळेल, पण मग ३०,००० अँपियर गुणिले १०० ओहम, म्हणजे ३० लाख व्होल्ट त्या उपकरणाच्या दोन टोकांवर येतील आणि वीज उपकरण सोडून बाजूच्या हवेतून उडी मारील. कमी रोध ठेवावा तर ऊर्जा मिळत नाही, जास्त ठेवावा तर वीज निसटते. भरीला, काही दशलक्षांश सेकंदांत चढणारा हा प्रवाह झेलून साठवणारे धारित्र (कपॅसिटर) वर्षातला बहुतेक काळ रिकामे उभे राहील.

जागेचा हिशेबही बोलका आहे. माराकायबोच्या एका चौरस किलोमीटरवरच्या २३३ विजांमधली सगळीच्या सगळी ऊर्जा मिळाली, तर वर्षभराची सरासरी शक्ती ७.४ किलोवॉट येते. उष्ण प्रदेशात सुमारे दोनशे चौरस मीटर सौर पॅनेल तेवढेच देतात. जगातल्या सर्वांत विजाळ जागेची ही गत असेल, तर इतरत्र ‘विजेची शेती’ करण्याची कल्पना मांडणाऱ्यांनी निदान हा गुणाकार करून पाहायला हवा.

झालेले प्रयत्न

तरी माणसाने विजेला हात घातला आहे, आणि त्यासाठी किंमतही मोजली आहे. १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली-ला-व्हिल येथे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेनुसार उभारलेल्या लोखंडी दांड्यातून ढगाखाली ठिणग्या मिळाल्या आणि आकाशातली वीज व प्रयोगशाळेतली वीज एकच, हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये असाच प्रयोग करताना गेऑर्ग रिशमान यांचा मृत्यू झाला. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्नो ब्राश, फ्रिट्झ लांगे आणि कुर्ट उर्बान या जर्मन भौतिकतज्ज्ञांनी आल्प्समधील माँटे जेनेरोसोवर तारांचे जाळे टांगून वादळातला उच्च दाब अणुकण वेगाने फेकण्यासाठी वापरायचे ठरवले. त्यांना लांबच लांब ठिणग्या मिळाल्या, पण १९२८ मध्ये उर्बान तिथेच डोंगरावरून पडून मरण पावले. त्यांची निवड मात्र अचूक होती : त्यांना विजेतली ऊर्जा नको होती, तिचा दाब हवा होता. वीज खरोखर विपुल देते ती हीच गोष्ट.

वीज हवी तिथे पाडण्याचे तंत्र आता आहे. तार बांधलेले लहान अग्निबाण ढगाखाली सोडून संशोधक ती खाली आणतात. फ्लॉरिडातील कॅम्प ब्लँडिंग येथे अशी बरीच मोजमापे झाली. सँटिसवर २०२१ च्या उन्हाळ्यात सेकंदाला सुमारे हजार स्पंदे देणारा लेसर आकाशात सोडून विजेची वाट पन्नासेक मीटर वळवण्यात यश आले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रयोगांचा हेतू विमानतळ, प्रक्षेपणतळ यांच्या संरक्षणाचा आहे. वीजसाठवणीशी त्यांचा संबंध नाही, बातम्यांत कितीही जोडला गेला तरी.

ढगातली खरी संपत्ती

वीज हा वादळाचा किरकोळ खर्च आहे. एका चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर १ कोटी किलो पाणी खाली येते. एवढ्या वाफेचे ढगात पाणी होताना सुमारे २५ लाख कोटी जूल सुप्त उष्णता बाहेर पडलेली असते, पंचवीस हजार विजांएवढी. ती वाऱ्यात आणि उंच हवेत विरून जाते. पण तेच पाणी धरणात अडवून शंभर मीटर खाली सोडले तर सुमारे १,००० कोटी जूल, म्हणजे दहा विजांची ऊर्जा, जनित्राच्या पात्यांवर हवी तेव्हा आणि हव्या त्या वेगाने घेता येते.

विजेचा जमिनीला मिळणारा मोठा लाभ रासायनिक आहे. तापलेल्या वाटेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात, पावसाबरोबर नायट्रेट म्हणून खाली येतात आणि पिकांना लागू पडतात. क्रिस्टियान बिर्केलँड आणि साम आयडे यांनी नॉर्वेमध्ये १९०३ मध्ये हीच क्रिया कारखान्यात आणली : विद्युत्‌चापाच्या तेजस्वी चकतीतून हवा सोडून तिच्यातून खत बनवायचे. र्‍यूकानच्या कारखान्यात हा चाप पेटता ठेवणारी वीज धबधब्याच्या पाण्यापासून येत होती. विजेचा प्रचंड खप हीच या पद्धतीची कमजोरी ठरली आणि हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या हाबर–बॉश पद्धतीने तिची जागा घेतली.