कालवडीची कांडी आणि मुलीची आई

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या अलीकडे एका ओळखीच्या कुटुंबाचा गोठा आहे. संकरित एचएफ गाई, दूध डेअरीला जातं. मी गेलो त्या दिवशी एक गाय माजावर होती, म्हणून कृत्रिम रेतन करणारे डॉक्टर आले होते. त्यांनी मोटारसायकलवरून नायट्रोजनचा कॅन उतरवला, चिमट्याने वळूच्या गोठवलेल्या रेताची एक बारीकशी कांडी काढली आणि कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली. कॅनच्या आत उणे १९६ अंश, भांड्यातलं पाणी ३७ अंश. घरचे आबा पुढे होऊन म्हणाले, "डॉक्टर, कालवडीचीच आणलीय ना? मागच्या टायमाला साधी भरली आन् गोऱ्हा झाला. त्याला पोसून काय करू?" डॉक्टरांनी कांडीवरची अक्षरं दाखवली. जादा पैसे आबांनी आधीच खिशात काढून ठेवले होते.

नंतर ओट्यावर चहा घेताना आबांच्या घरच्या मला म्हणाल्या, "आमच्या हिला दोन्ही पोरीच. हिच्या माहेरीबी समद्या पोरीच हायेत." सून तिथेच उभी होती. ती कपबशा उचलून आत गेली.

कालवड होणार की गोऱ्हा, हे वळूच्या रेतावर ठरतं, हे या घराला पक्कं ठाऊक आहे. ते त्यासाठी रोख पैसे मोजतात. गोऱ्हा झाला म्हणून गाईला कुणी बोल लावत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र सगळं खापर बाईच्या डोक्यावर फुटतं. हे खेड्यापुरतंच आहे असं कुणी समजू नये. कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये, दोघंही आयटीत असलेल्या घरातही दुसरी मुलगी झाल्यावर बाळंतिणीला भेटायला आलेली मंडळी "असू दे, असू दे" म्हणतात. तिचं काही चुकलं असल्याप्रमाणे तिला सांभाळून घेतात. यातल्या प्रत्येकाने दहावीच्या विज्ञानात लिंगनिश्चितीचा धडा वाचलेला असतो.

तो धडा थोडक्यात असा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. तेविसावी जोडी बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. बीजांडात नेहमी एक्सच येतो. शुक्राणूत एक्स तरी येतो किंवा वाय तरी. एक्सवाला शुक्राणू बीजांडात शिरला तर मुलगी, वायवाला शिरला तर मुलगा. आईच्या एकाही पेशीत वाय नसतो, त्यामुळे तिने कितीही उपास केले, नवस बोलले, औषधी बिया दुधातून घेतल्या तरी तो ती आणणार कुठून?

एवढ्यावर धडा संपतो. मला ज्याचं कायम कौतुक वाटत आलं आहे ते याच्या पुढे सुरू होतं.

वृषणात शुक्राणू तयार होताना मूळ पेशी आपली सगळी गुणसूत्रं दुप्पट करून घेते आणि मग लागोपाठ दोनदा विभागते. एका पेशीच्या चार होतात. पहिल्या विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधून त्याला चिकटावं लागतं. बाकीच्या २२ जोड्यांना हे सोपं जातं, कारण जोडीदार लांबीला आणि मजकुराला सारखे असतात. पंचाईत होते ती एक्स आणि वायची. एक्स सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरांचा, वाय जेमतेम सव्वासहा कोटी अक्षरांचा. अक्षरं म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या. दोघांचा मजकूर जुळतो तो फक्त टोकांना. त्यातल्या मुख्य टोकाचा तुकडा सुमारे २७ लाख अक्षरांचा आहे. तेवढ्याशा तुकड्यावर दोघं एकमेकांना धरतात, तिथे डीएनएची अदलाबदल करतात आणि त्या बळावर पेशीच्या मध्यभागी समोरासमोर उभे राहतात. ही पकड बसली नाही तर पेशी बहुधा तिथेच मरते. नाहीतर एखाद्या शुक्राणूत दोन्ही जातात आणि एखाद्यात एकही जात नाही.

मग दोन्ही बाजूंनी धागे येतात आणि एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे ओढतात. कोण कुठे जाणार हे त्या क्षणी ते कोणत्या तोंडाने उभे होते यावर ठरतं, आणि ते ठरवणारं कुणीही नसतं. चार शुक्राणूंपैकी दोन एक्सचे, दोन वायचे. निरोगी पुरुषात हे दिवसाला कोट्यवधी वेळा घडतं, आणि दर वेळी निम्मे-निम्मे.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. हे चौघे तयार झाले तरी लगेच सुटे होत नाहीत. त्यांच्यामध्ये पेशीद्रवाचे बारीक पूल राहतात. एकाच वाड्यात मधली दारं उघडी ठेवून राहणाऱ्या चार बिऱ्हाडांसारखं त्यांचं चालतं. एकाच्या जनुकावरून बनलेली प्रथिनं, त्यासाठीचे संदेश, सगळं पुलावरून दुसऱ्याकडे जातं. एक्सवर शुक्राणूला लागणारी जनुकं आहेत, वायवरही आहेत. पूल नसते तर निम्म्या शुक्राणूंना एका संचाला मुकावं लागलं असतं. पूल असल्यामुळे चौघांनाही दोन्हीकडचा माल मिळतो. शेपटी, डोकं, पोहण्याची ताकद, सगळं जवळजवळ सारखं होतं. पूल तुटतात ते अगदी शेवटी, शुक्राणू घडून झाल्यावर.

म्हणूनच "वायचा शुक्राणू हलका, तो वेगात पोहतो, म्हणून अमुक दिवशी संबंध ठेवा, अमुक खा, म्हणजे मुलगा होतो" हा मोबाईलवर फिरणारा सल्ला निराधार आहे. संगणकाने शुक्राणूंचा वेग मोजून पाहिला, एक्स-वायमध्ये तसा फरक सापडला नाही. सम तिथीला मुलगा आणि विषम तिथीला मुलगी हे तर याहून पोकळ आहे. २०२० साली आपल्याकडे एका कीर्तनात हे विधान झालं, त्यावर कायद्याची लढाई झाली आणि त्याच्या बाजूने बोलायला शिकली-सवरलेली माणसंही पुढे आली. शुक्राणूला पंचांग कळत नाही. गर्भ राहतो त्या क्षणी मुलगे आणि मुली जवळपास समसमान असतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

मग आबांच्या कांडीत कालवड कशी शोधली? एक्समध्ये डीएनए जास्त असतो एवढाच पक्का फरक हाती लागतो. गोवंशात एक्सच्या शुक्राणूत सुमारे चार टक्के जास्त, माणसात तीन टक्क्यांहूनही कमी. वळूच्या रेताला डीएनएला चिकटणारा रंग देतात. शुक्राणू एकेक करून लेझरसमोरून जातात. एक्सचा किंचित जास्त चमकतो. तो ज्या थेंबात असतो त्याला विद्युतभार देतात आणि दोन पट्ट्यांमधून जाताना तो थेंब एका बाजूला वळतो. हे तंत्र अमेरिकेत घडलं आणि १९८९ साली त्यातून पहिल्यांदा सशाची पिल्लं जन्मली. कालवड मिळण्याची खात्री साधारण नव्वद टक्के. या गोठ्यापासून जवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही संस्था उभी केली, आणि गाई भरवण्याचं विज्ञान गावोगाव, दारापर्यंत नेलं. या पट्ट्यातल्या दूध उत्पादकाला वळूच्या रेताचं महत्त्व नव्याने सांगायला नको. माणसासाठी असली निवड करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे.

हे तंत्र आपल्याकडे माणसांसाठी खुलं असतं तर मुलींचं काय झालं असतं, हे सोनोग्राफीने दाखवलंच आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली कायदा केला. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. त्याच वर्षी शेजारच्या साताऱ्यात 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज "नकुशा" अशी हाक ऐकून "हजर" म्हणणाऱ्या त्या मुली होत्या.

वायवर मुलगा घडवणारं नेमकं काय असतं, हे १९९० साली कळलं: एसआरवाय नावाचं एकच जनुक. त्यापासून २०४ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन बनतं. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत गर्भ दोन्ही वाटांना मोकळा असतो. हे जनुक तेव्हा जागं झालं की वृषण बनू लागतं. पुढच्याच वर्षी हे जनुक एक्स-एक्स असलेल्या उंदराच्या गर्भात घातलं आणि तो नर म्हणून वाढला. सगळ्या सजीवांत अशीच व्यवस्था आहे असंही नाही. कोंबड्यांत पिलाचं लिंग मादीच्या अंड्यावर ठरतं. वेळासला आपण पाहायला जातो त्या ऑलिव्ह रिडले कासवांत वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू तापली की माद्या जास्त.

हे सगळं ज्यातून सुरू झालं तो शोध एका बाईचा आहे, आणि तिचं नाव आपल्या मुलींना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. नेटी स्टीव्हन्स. जन्म १८६१. शाळेत शिकवून पैसे साठवले, चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरेट मिळवली. साठवणीच्या धान्या-पिठात वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या पेशींतली गुणसूत्रं ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसली. मादीत २० मोठी गुणसूत्रं, नरात १९ मोठी आणि एक इवलंसं. शुक्राणू दोन प्रकारचे दिसले, निम्म्यांत ते इवलं. लिंग यावर ठरत असणार हे तिने १९०५ साली मांडलं. त्याच सुमारास एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला, आणि पुस्तकांतून बराच काळ त्यांचंच नाव राहिलं. १९१२ साली स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. गुणसूत्रांवरच्या कामासाठी १९३३ सालचं नोबेल मिळालं ते तिला शिकवणाऱ्या थॉमस मॉर्गन यांना.

बापाकडून वाय येतो म्हणून आता बापाला दोष द्यायचा का? मुळीच नाही. त्याच्याही हातात काही नसतं. तीन अपत्यं झालेल्या दर आठ घरांत साधारण एका घरात तिन्ही मुली असणं हे निव्वळ गणित आहे, आणि चौथ्या वेळी शक्यता पुन्हा जवळपास निम्मीच. दोषाचा प्रश्न येतोच का, तर मुलगी होणं हे नुकसान आहे असं आपण आधीच धरून चालतो म्हणून.

मूल झालं नाही तरी बोट बाईकडेच. याच पुण्यात विधवेला दिवस गेले की तिला जीव द्यावा लागे आणि तो पुरुष उजळ माथ्याने फिरे, म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेले तरी तीच, नाही गेले तरी तीच. प्रत्यक्षात वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. तरी आधी तिची सोनोग्राफी, तिच्या नळ्यांची तपासणी, कधी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. आणि नवरा "मला काही झालेलं नाही" म्हणून साधी वीर्यतपासणी टाळतो.

ती तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनवेदनेची आहे, म्हणून ती अगदी पहिल्या भेटीतच व्हावी. आधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार किमान पातळी मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, आणि त्यांतले ४२ टक्के हलते, अशी धरतात. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असं नसतं. शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे डेंगीसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर आकडा काही काळ उतरतो. अशा वेळी तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी, आणि तोवर बायकोच्या फाइलमध्ये नवी चिठ्ठी वाढवू नये.