युटाच्या कॅन्यनमध्ये एकटीनं कॅम्पिंग: पास, परवाने आणि कागदपत्रं

झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, आर्चेस, कॅन्यनलँड्स. अमेरिकेच्या युटा राज्यातली ही पाच राष्ट्रीय उद्यानं एक गाडी आणि एक तंबू घेऊन आठ-दहा दिवसांत पाहून होतात. तंबू, स्टोव्ह शेवटच्या आठवड्यात घेतलं तरी चालतं, अर्ज मात्र सहा महिने आधीपासून करावे लागतात. आणि एकटं जाताना प्रत्येक कागद आपल्याच नावाचा असतो, ऐनवेळी दुसऱ्या कुणाला पुढे करता येत नाही.

भारतातून जाणाऱ्यांनी आधी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून घ्यावं. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, फी १,००० रुपये. सोबत चालू लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो जोडायचे. परमिट एका वर्षापुरतं असतं. मूळ लायसन्स जवळ नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून दोन्ही एकाच पाकिटात ठेवा. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यांना बहुधा मनाई असते. सही करण्याआधी ते कलम वाचाच, कारण पुढचे काही निर्णय त्यावर ठरतात.

पास घ्यायचा की नाही

हा हिशेब १ जानेवारी २०२६ पासून बदलला आहे. सगळ्या राष्ट्रीय उद्यानांना चालणारा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला मिळतो. त्यासाठी तिथल्या सरकारनं दिलेलं फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. बाहेरून येणाऱ्यांना तोच पास २५० डॉलरला पडतो. पास नसेल तर अकरा ठरावीक उद्यानांत परदेशी पाहुण्याकडून प्रवेश फीखेरीज माणशी १०० डॉलर जादा घेतात. आपल्या पाचांपैकी झायन आणि ब्राइस त्या यादीत आहेत.

म्हणजे पुण्याहून गेलेल्या माणसानं झायन आणि ब्राइस दोन्ही केले तर ३५ अधिक ३५ गाडीचे आणि २०० जादा, असे २७० डॉलर होतात. तिथे पास स्वस्त. पण फक्त आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटॉल रीफ करायचे असतील तर ३०, ३० आणि २० मिळून ८० डॉलरमध्ये काम भागतं, पास घेऊ नका. एकटीच्या खर्चात १७० डॉलर म्हणजे पेट्रोलचा मोठा भाग सुटतो. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मंडळींनी मात्र ८० चा पास डोळे मिटून घ्यावा.

तंबूची जागा

झायनचं वॉचमन कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर सहा महिने आधी खुलं होतं, रोज पुढची एक तारीख. वेळ युटाची सकाळी आठ. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि नोव्हेंबर ते मार्च, त्यांची घड्याळं मागे असताना, साडेआठ. मी पहिल्या वेळी ऑक्टोबरात साडेआठला लॉगिन केलं आणि हवी असलेली एप्रिलची तारीख तासाभरापूर्वीच संपली होती. खातं आदल्या दिवशी उघडून ठेवा, कार्डाचे तपशील हाताशी ठेवा. बुकिंगवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच असू द्या. रद्द केलंत तर १० डॉलर कापतात, अगदी आदल्या दिवशी केलंत तर एका रात्रीचं भाडंही जातं.

कॅन्यनलँड्सच्या आयलंड इन द स्काय भागातलं विलो फ्लॅट याहून वेगळं. बारा जागा, रात्रीला १५ डॉलर, आरक्षण नाही, पाणीही नाही. तिथे अर्ज पायानं करावा लागतो. मी सकाळी साडेआठला पोचले तेव्हा प्रत्येक जागेच्या खांबावर चिमट्यात एक चिठ्ठी फडफडत होती. तिच्यावर जाण्याची तारीख लिहिलेली असते. आजची तारीख दिसली की समजायचं, ही जागा सुटणार. एका खांबाशी एक आजोबा तंबूच्या खुंट्या उपसून वाळू झटकत होते. त्यांना विचारलं, तिथेच थांबले, आणि ते निघाल्यावर माझी चिठ्ठी चिमट्यात लावली.

काहीच मिळालं नाही तर बीएलएमची, म्हणजे केंद्राच्या भूमी खात्याची, मोकळी जमीन आहे. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. मोआबजवळ मात्र बऱ्याच भागांत नेमून दिलेल्या जागांवरच उतरावं लागतं.

वेगळे परवाने

झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्यावर साखळ्या धरून चढायच्या वाटेवर २०२२ पासून परवाना लागतो. सोडत दोन प्रकारची, हंगामी आणि आदल्या दिवशीची. अर्जाचे ६ डॉलर परत मिळत नाहीत, नंबर लागला तर माणशी ३ डॉलर. आदल्या दिवशीचा अर्ज दुपारी तीनपर्यंत, निकाल चारला.

कॅन्यनलँड्सचा व्हाइट रिम रस्ता सुमारे १६० किलोमीटरचा, कच्चा, उंच फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा. मुक्कामाचा परवाना ३६ डॉलर, शिवाय माणशी रात्रीला ५. वसंतातल्या तारखा आदल्या १० नोव्हेंबरला खुल्या होतात, शरदातल्या १० मे रोजी. भाड्याच्या सेडानवाल्यांनी याचा विचारही करू नये.

शेजारच्या ॲरिझोना राज्यातलं अँटिलोप कॅन्यन आणि सीमेवरची मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहेत. राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही, आणि अँटिलोपमध्ये नवाहो वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. टूरची वेळ नीट पाहून घ्या. उन्हाळ्यात नवाहो भागाचं घड्याळ बाकीच्या ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, पण अँटिलोपजवळचं पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं.

शेवटचा कागद कुठल्याच काउंटरवर मागत नाहीत, तरी मी तो सगळ्यात आधी लिहिते. गाडीचा नंबर, प्रत्येक रात्रीची जागा, कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, आणि त्या उद्यानाचा आपत्कालीन नंबर. परवाना दिला म्हणून रेंजर तुमच्या परतण्याची नोंद ठेवत नाहीत, आणि आतमध्ये बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. तो कागद मी आईकडे ठेवते, दुसरी प्रत भावाकडे.