हवारोधक आणि बाष्परोधक: अतिथंड भागातल्या घराच्या भिंतीत गल्लत कुठे होते

बाहेर उणे 30 अंश आणि आत 20. अशा घराच्या भिंतीत आतल्या बाजूने पॉलिथीनचा कागद ठोकला, की ओलाव्याचा प्रश्न मिटला असं बहुतेकांना वाटतं. त्या कागदाला कुणी बाष्परोधक म्हणतं, कुणी हवारोधक. कागद एकच असू शकतो, पण कामं दोन आहेत, आणि ती बिघडण्याची तऱ्हाही वेगवेगळी आहे.

बाष्परोधक अडवतो ती वाफ भिंतीला आतून लावायच्या जिप्सम बोर्डासारख्या अखंड वस्तूतून संथपणे झिरपत असते. हवारोधक अडवतो ती हवा फटीतून वाहते आणि आपल्याबरोबर वाफही घेऊन जाते. 20 अंशांच्या, 40 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण 7 ग्रॅम पाणी असतं. उणे 30 अंशांना त्यातलं अर्धा ग्रॅमसुद्धा हवेत टिकत नाही. उरलेलं भिंतीतच गोठतं.

नेहमी दिला जाणारा हिशेब पाहा. 4 बाय 8 फुटांच्या जिप्सम बोर्डातून अख्ख्या हिवाळ्यात झिरपून जातं ते पाणी साधारण पाव ते अर्धा लिटर. त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचं भोक असेल, तर हवेबरोबर जातं जवळपास 30 लिटर. म्हणून बाष्परोधकाचा पन्नासावा भाग फाटका राहिला तरी फारसं बिघडत नाही. हवारोधकाला तेवढी भोकं पडली तर तो नसल्यात जमा आहे. मेहनत घ्यायचीच तर सांधे बंद करण्यात घ्या.

जागेचा नियमही वेगळा आहे. हवारोधक आत, मध्ये किंवा बाहेर कुठेही चालतो, फक्त अखंड हवा. बाहेर लावलात तर वाफ आरपार जाऊ देणारा निवडा. बाष्परोधक मात्र उबेच्या बाजूलाच हवा. तो भिंतीत थोडा आत सरकवून त्याच्या पुढ्यात वायरिंगसाठी पोकळी ठेवता येते, पण एकूण उष्णतारोधाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग त्याच्या खोलीकडच्या बाजूला नको. कडाक्याच्या थंडीत एक चतुर्थांशच धरा. ही पोकळी ठेवाच, कारण मग स्विचच्या प्रत्येक डब्यासाठी कागद कापावा लागत नाही. आत पॉलिथीन आणि बाहेर फॉइलचा पातळ फोम अशी जोडी टाळा. मध्ये अडकलेल्या ओलीला सुकायला वाट राहत नाही.

पॉलिथीन 0.15 मिलिमीटरचं घ्या. दोन कागद लाकडी खांबावर 15 सेंटिमीटर एकमेकांवर चढवा, मध्ये न वाळणाऱ्या सिलंटची (फटी बुजवणाऱ्या लुकणाची) जाड रेघ ओढा आणि त्या रेघेतूनच स्टेपल मारा. पॅकिंगची टेप थंडीत आणि धुळीत सुटते. चुलीच्या धुराड्यापाशी प्लास्टिक नेऊच नका. तिथे पत्र्याची चकती बसवा, धुराड्याला टेकते तिथे उष्णतारोधक सिलंट लावा आणि प्लास्टिक चकतीच्या बाहेरच्या कडेला, सुरक्षित अंतरावर जोडा.

सर्वात जास्त गळती छतात होते. गरम हवा वर चढते. 5 मीटर उंचीच्या घरात, 50 अंशांच्या फरकाला, तळ आणि माथा यांच्यातल्या दाबाच्या फरकात सुमारे 12 पास्कलची भर पडते. माळ्याच्या दारातून आणि दिव्यांच्या भोकांतून निसटलेली वाफ छपराच्या फळ्यांखाली बर्फ होऊन बसते. थंडी ओसरताना दिव्यातून पाणी ठिबकतं आणि माणसं छपरावरचे पत्रे बदलत बसतात.

विजेच्या ग्रिडपासून दूर असलेल्या घराला ही गळती दुप्पट महाग पडते. लाकूड जास्त जळतं, आणि दिवस लहान असताना पंख्यांसाठी बॅटरीही जास्त लागते. पण घर घट्ट केलं की ताज्या हवेची सोय करावीच लागते: उष्णता परत मिळवणारं वायुवीजन यंत्र आणि चुलीला बाहेरून स्वतंत्र हवेची नळी. कॅनडातल्या रेजायना इथे 1977 साली बांधलेल्या सॅस्कॅचवन कन्झर्वेशन हाउसमध्ये घट्ट पॉलिथीन आणि असं यंत्र, दोन्ही एकत्र होतं. धुराडं नसलेला गॅस हीटर मात्र घरात नकोच. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन खोलीत येतं, आणि ज्वलनाचे विषारी वायूही आतच राहतात.

चाचणी जिप्सम चढवण्याआधी घ्या. ब्लोअर डोअर (दारात बसवून घराची गळती मोजणारा पंखा) मिळाला तर 50 पास्कलच्या दाबाला ताशी 1 हवाबदलाच्या, म्हणजे तासाला घरातली सगळी हवा एकदा बदलण्याच्या, आत या. नाही मिळाला तर चूल विझवून, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि उदबत्ती कोपऱ्यांपाशी, तळपट्टीशी, डब्यांभोवती फिरवा. धूर जिथे खोलीच्या आत ढकलला जातो, तिथे सिलंट लावा आणि पुन्हा तपासा.