सांधा कमरेपाशी: मत्स्यमानवांच्या देहाची आणि दंतकथांची पार्श्वभूमी

कथेसाठी किंवा खेळासाठी पाण्यात राहणाऱ्यांची जमात रचायची म्हटली की पहिलं चित्र ठरलेलं असतं: कमरेपर्यंत माणूस, खाली मासा. हे चित्र साडेतीन हजार वर्षांहून जुनं आहे. इतक्या काळात त्यातला एकच भाग कुणाला धड जमलेला नाही, तो म्हणजे कमरेपाशीचा सांधा. कुणी तो वस्त्राखाली झाकला, कुणी देवत्वावर सोडून दिला, कुणी चक्क सुईदोऱ्याने शिवला.

सुरुवात मेसोपोटेमियात होते. तिथे दोन वेगळे प्रकार होते आणि आजच्या लिखाणात ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रकार अपकल्लू, म्हणजे प्रलयापूर्वीचे सात ज्ञानी पुरुष. यांचा देह पूर्ण माणसाचा असतो. अंगावर आख्खा मासा पांघरलेला, माशाचं डोकं टोपडीसारखं कपाळावर आणि शेपूट पाठीवरून खाली लोंबणारी. असिरियातल्या निमरूद या शहरातल्या इ.स.पू. 9व्या शतकातल्या शिल्पांत हे रूप स्पष्ट दिसतं. अशाच मातीच्या लहान मूर्ती करून त्या घराच्या जमिनीखाली पुरत, बऱ्याचदा सातच्या संचात, म्हणजे रोगराई आणि दुष्ट शक्ती उंबऱ्याबाहेर राहतात. इ.स.पू. 3ऱ्या शतकात बेरोसस या बॅबिलोनी पुरोहिताने ग्रीक वाचकांसाठी लिहिताना यांच्यातल्या पहिल्याला ओआनेस म्हटलं. हा दिवसा किनाऱ्यावर येऊन माणसांना लिपी, शेती आणि नगररचना शिकवतो, काही खात नाही आणि सूर्यास्ताला परत समुद्रात जातो. बेरोससने त्याला शेपटीसोबत माणसाचे पायही दिले, त्यामुळे चालण्याची अडचण मुळातच येत नाही.

दुसरा प्रकार कुलुल्लू. हा खरा अर्धा-अर्धा: वर दाढीवाला पुरुष, खाली मासा, आणि गोड्या पाण्याचा देव एआ याच्या परिवारातला. याच परिवारात बोकड-मासाही होता. तो पुढे ग्रीकांच्या राशिचक्रात गेला. आपल्याकडे मात्र त्या राशीत मकर आला, तरी पाश्चात्त्य धाटणीच्या राशिभविष्यात आजही शेपटीवाला बोकडच छापलेला असतो. सात ज्ञानी, मासा आणि प्रलय हे तिन्ही आपल्या मत्स्यावताराच्या कथेतही एकत्र येतात. तेवढ्यावरून सरळ नातं जोडायची घाई मात्र करू नये; प्रलयाच्या कथा नद्यांकाठच्या बऱ्याच संस्कृतींत आहेत.

स्त्रीरूप ठळक झालं ते सीरियाच्या अतरगातिसमुळे. ग्रीक तिला डेरकेतो म्हणत. इ.स.पू. 1ल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की अस्कलोनच्या देवीने लाजेपोटी तळ्यात उडी घेतली आणि तिचा देह माशाचा झाला, चेहरा तेवढा बाईचा उरला. म्हणून तिथले लोक मासे खात नाहीत, असंही तो जोडतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक लुसियन जास्त चौकस. फिनिशियात पाहिलेली मूर्ती मांडीपासून खाली माशाची होती, पण हिएरापोलिसच्या मोठ्या देवळातली संपूर्ण बाईची, हा फरक त्याने नोंदवला. एकाच देवीच्या अंगाबद्दल दोन गावांत एकमत नव्हतं.

ज्यांच्या गाण्याची ख्याती मत्स्यकन्येला मिळाली त्या सायरन मुळात पक्षी होत्या. ग्रीक भांड्यांवर त्या बाईचं डोकं आणि पक्ष्याचं धड घेऊन बसलेल्या दिसतात. माशाची शेपूट त्यांना साधारण 7व्या-8व्या शतकातल्या एका लॅटिन राक्षससंग्रहात पहिल्यांदा मिळाली. पुढे कित्येक शतकं युरोपातल्या प्राणिवर्णनाच्या पोथ्यांत मजकूर पंखांचा आणि चित्र शेपटीचं, असा गोंधळ चालू राहिला. काही चित्रकारांनी पंख आणि शेपूट दोन्ही देऊन वाद मिटवला. कंगवा आणि आरसा ही मध्ययुगाची भर. दोन शेपट्यांची मत्स्यकन्याही त्याच काळातली, जी आज स्टारबक्सच्या कपावर आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने ती सगळ्यांत निकामी: दोन बाजूंना फाकलेल्या शेपट्यांनी पाणी मागे ढकलताच येत नाही.

आपल्याकडचा मार्ग वेगळा होता. शापाने मासळी झालेली अद्रिका अप्सरा आणि तिच्या पोटी जन्मलेली मत्स्यगंधा, किंवा माशाच्या पोटातून आलेले मच्छिंद्रनाथ: इथे मासा ही योनी आहे, शरीराचा अर्धा भाग नव्हे. मच्छिंद्रनाथांना शेपूट नाही आणि सत्यवतीला उरतो तो फक्त वास. अर्धा देह येतो तो विष्णूच्या मत्स्यमूर्तीत, आणि रामकथा आग्नेय आशियात पोचल्यावर. थायलंडच्या रामकियेनमध्ये रावणाची मुलगी सुवन्नमच्छा मत्स्यकन्या आहे आणि हनुमानापासून तिला झालेला मच्छानु हा माशाची शेपूट असलेला वानर.

दंतकथेला निसर्गशास्त्रात आणणारा पहिला मोठा माणूस म्हणजे रोमन लेखक प्लिनी. पहिल्या शतकात त्याने लिहिलं की गॉलच्या सुभेदाराने किनाऱ्यावर मेलेल्या समुद्रकन्या आढळल्याचं सम्राट ऑगस्टसला कळवलं होतं. त्यांचं माणसासारखं दिसणारं अंगही खवल्यांनी खरबरीत असतं, असं त्याने ठासून सांगितलं. कोलंबसने 9 जानेवारी 1493 रोजी हिस्पानिओलाजवळ तीन सायरन पाण्याबाहेर आलेल्या पाहिल्या आणि चित्रात काढतात तितक्या त्या सुंदर नसल्याची तक्रार नोंदवली. ते मॅनाटी, म्हणजे एक प्रकारच्या समुद्रगायी, असणार. 1811 मध्ये इलिगर या जर्मन शास्त्रज्ञाने मॅनाटी आणि ड्युगाँग या समुद्रगायींच्या गणाला सायरेनिया नाव दिलं.

‘खलाशांना समुद्रगाय बाई वाटली’ हे स्पष्टीकरण आता इतकं घासून गुळगुळीत झालंय की ते तपासतच नाहीत. त्यातला खरा भाग शरीररचनेत आहे. सायरेनियांची स्तनाग्रं पोटाखाली नसून पुढच्या वल्ह्यांच्या काखेत असतात. ड्युगाँगची शेपूट डॉल्फिनसारखी दुभंगलेली असते, मॅनाटीची गोल पंख्यासारखी. चित्रातल्या मत्स्यकन्येची शेपूट ड्युगाँगशी जुळते, कोलंबसच्या मॅनाटीशी नाही. पण मेसोपोटेमियाच्या मूर्तिकाराला यांपैकी काहीच लागलं नव्हतं. समुद्रगायीने मत्स्यकन्येला जन्म दिला नाही, आधीच तयार असलेल्या दंतकथेला साक्षीदार पुरवले.

मग पुरावे बनवण्याचा काळ आला. जपानमधले कारागीर वाळवलेल्या ‘मत्स्यकन्या’ करत. तिथे निंग्यो या मत्स्यमानवाची परंपरा होतीच; त्याचं मांस खाऊन 800 वर्षं जगलेल्या भिक्षुणीची कथा प्रसिद्ध आहे. सॅम्युअल ईड्स नावाच्या अमेरिकी कप्तानाने अशी एक वस्तू विकत घेण्यासाठी जहाज विकलं. त्या जहाजात त्याची स्वतःची मालकी फक्त एक अष्टमांश होती. 1822 मध्ये लंडनला ती तपासणाऱ्या विल्यम क्लिफ्ट या शरीररचनेच्या जाणकाराने निदान केलं: कवटी ओरांगउटानची, जबडा दुसऱ्याच माकडाचा, खालचा भाग माशाचा, आणि जोड कातडीखाली कौशल्याने दडवलेला. वीस वर्षांनी, 1842 मध्ये, अजब वस्तूंची प्रदर्शनं भरवणाऱ्या बार्नमने न्यूयॉर्कमध्ये ‘फीजी मत्स्यकन्या’ म्हणून गर्दी खेचली ती बहुधा हीच. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या तशाच नमुन्याच्या तपासणीत माकडाचं एकही हाड निघालं नाही. आत लाकूड, तार, माती आणि माशाचे अवयव होते.

या वस्तूंत एक गोष्ट डोळ्यांसमोर असून सुटते. खालचा भाग खऱ्या माशाचा, म्हणून शेपटीचा पर उभा. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो आणि त्याचा कणा त्यासाठीच घडलेला असतो. सस्तन प्राण्याचा कणा धावताना पुढे-मागे वाकतो, म्हणून देवमासे आणि ड्युगाँग शेपूट वर-खाली मारतात आणि त्यांचा पर आडवा असतो. माणसाची कंबरही पुढे-मागे जास्त वाकते. तिच्याखाली माशाचा कणा जोडला तर लाट वरून एका दिशेने येते आणि सांध्यापाशी तिला नव्वद अंशांत वळावं लागतं. असा प्राणी जागच्या जागी पिळवटत राहील. त्यामुळे वर माणूस ठेवायचा तर खाली ड्युगाँग हवा. त्याच्या शेपटीच्या पात्यात हाडं नसतात, फक्त मधोमध मणके, आणि कटी पाठीच्या कण्याला घट्ट जोडलेली नसते.

1974 च्या मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळात मत्स्यमानव आले आणि 1975 च्या पुरवणीत शार्कशी नातं सांगणारे, माशासारखे सहुआगिन. इथून ही मंडळी दंतकथेतल्या एकेकट्या पात्रांऐवजी ‘जमात’ झाली, आणि जमात म्हटलं की आकडे आले. पाचव्या आवृत्तीत मत्स्यमानव एका फेरीत जमिनीवर 10 फूट आणि पाण्यात 40 फूट सरकतो. सहुआगिनला दर 4 तासांनी एकदा पाण्यात बुडावं लागतं. खेळ चालवायला एवढं पुरतं. शरीर चालवायचं तर आधी श्वासाचा प्रश्न सोडवावा लागतो.

स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे 250 मिली ऑक्सिजन लागतो. हवेच्या एका लिटरमध्ये तो 210 मिली असतो, 28 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात जेमतेम 4.5 मिली. उत्तम कल्ले त्यातला 80 टक्के ओढतात असं धरलं, तरी मिनिटाला जवळपास 70 लिटर पाणी गळ्यातून जायला हवं. जोरात पोहताना गरज आठपट झाली तर साडेपाचशे लिटर. मानेवरच्या दोन नाजूक चिरांतून हे होत नाही. कल्ल्यांचं झाकण जबड्यापासून छातीपर्यंत लागेल आणि तोंड सतत उघडं. 5 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन दीडपट असतो, म्हणजे कल्लेवाली जमात थंड समुद्रात जास्त शोभते. पण तिथे उष्णतेची अडचण. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढतं, आणि कल्ल्यात रक्त पाण्यापासून केसभरही लांब नसतं. गरम रक्त तिथे गेलं की थंड होऊनच परततं. यावर निसर्गात एक उत्तर आहे: ओपाह हा मासा. त्याच्या कल्ल्यांतच गरम आणि थंड रक्ताच्या नळ्या शेजारून उलट दिशांनी वाहतात, म्हणून त्याचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे 5 अंश उबदार राहतं. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कल्ले आणि माणसाचा भुकेलेला मेंदू दोन्ही हवेत, तर ओपाहची नक्कल करावी.

फुप्फुसं ठेवली तर हे सगळं टळतं, पण पृष्ठभागावर यावं लागतं. ड्युगाँग बहुधा काही मिनिटांतच वर येतो, तर क्युव्हियरच्या चोचदार देवमाशाची नोंदलेली एक बुडी 222 मिनिटांची होती. माणसांतही थोडी सोय झालेली दिसते. आग्नेय आशियातल्या समुद्रावर राहणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे 50 टक्के मोठी असल्याचं 2018 च्या अभ्यासात दिसलं. बुडी मारताना ती आकसून साठवलेलं रक्त सोडते. फुप्फुसांची जागाही महत्त्वाची. माणसाची फुप्फुसं छातीत असल्यामुळे छाती वर तरंगते आणि जड शेपूट खाली जाते. अशी मत्स्यकन्या पाण्यात कायम उभी राहील. ड्युगाँगची फुप्फुसं पाठीलगत लांबवर पसरलेली असतात आणि फासळ्या भरीव, जड असतात. तो आपोआप आडवा राहतो.

मीठ बहुतेक लेखक विसरतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार, शरीरातल्या द्रवात साधारण 9. खारे मासे पाणी पितात आणि कल्ल्यांतल्या खास पेशींतून मीठ बाहेर टाकतात. खाडीत शिरून नदीत गेलं की व्यवहार उलटा होतो: पाणी आपोआप आत घुसतं आणि मीठ जपावं लागतं. सामनसारख्या माशाला हा बदल करायला दिवस लागतात. समुद्रातून एका रात्रीत नदीकाठचं गाव लुटायला येणारी टोळी लिहायची असेल तर तिला बुल शार्कसारखं दोन्हीकडे चालणारं मूत्रपिंड द्यावं, नाहीतर पहाटेपर्यंत सगळे सुजून पडतील.

उरला वंश. अंडी घालणारी जमात लाखांनी अंडी टाकेल आणि जवळपास सगळी गमावेल. तिथे आई-मुलाचं नातं नाही, म्हणजे भाषा आणि गाणी पुढे जायचा रस्ताही अरुंद. दूध पाजणारी जमात ड्युगाँगच्या वळणावर जाते: गर्भकाळ 13 ते 14 महिने, एका वेळी एक पिल्लू, दोन पिल्लांत 3 ते 7 वर्षं. अशी लोकसंख्या सगळं अनुकूल असतानाही वर्षाला सुमारे 5 टक्क्यांपलीकडे वाढत नाही. कथेत दर हंगामाला मत्स्यमानवांची हजारोंची सेना मारली जात असेल, तर लेखकाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. निसर्गशास्त्रज्ञ स्टेलरने बेरिंग बेटाजवळ 1741 मध्ये पाहिलेली प्रचंड समुद्रगाय कातडी-व्यापाऱ्यांच्या जहाजांनी 1768 पर्यंत संपवली होती, आणि त्यांचा तर तिच्याशी काही वैराचा इतिहासही नव्हता.